जुन्या घरातला बॉयलर: पहिल्या हिवाळ्यात बिघाड कसा ओळखावा

बॉस्टन आणि आसपासच्या गावांत शंभर वर्षांपूर्वीची लाकडी घरे आजही मोठ्या संख्येने उभी आहेत, आणि आपल्याकडची अनेक कुटुंबे पहिले घर म्हणून अशीच घरे घेतात. यांतल्या पुष्कळ घरांत गरम हवा फुंकणारी यंत्रणा नसते. तळघरात एक बिडाचा बॉयलर असतो. तो पाणी तापवतो किंवा त्याची वाफ करतो, आणि ते पाणी किंवा ती वाफ नळांतून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरपर्यंत पोहोचते. घराचा ताबा घेताना या यंत्राची ओळख कोणी करून देत नाही, आणि पहिली खरी थंडी पडेपर्यंत आपल्यालाही ती करून घ्यावीशी वाटत नाही.

आम्ही १९२४ साली बांधलेले घर घेतले, त्या पहिल्याच जानेवारीत मुलांच्या खोलीतला रेडिएटर थंड राहू लागला. तंत्रज्ञ दोनदा येऊन गेले. पहिल्याने थर्मोस्टॅट बदलला आणि दुसऱ्याने पूर्ण बॉयलर बदलण्याचा सल्ला दिला. प्रत्यक्षात दोष होता तळघराच्या छताजवळच्या, मुठीत मावेल एवढ्या एका एअर व्हेंटमध्ये, म्हणजे हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेत. तेव्हापासून मी हे यंत्र मनापासून समजून घेतले. बहुतेक तक्रारी जाळाच्या नसतात. त्या पाणी, हवा आणि उतार यांच्या असतात, आणि या तिन्ही गोष्टी घरमालकाला स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येतात. मॅसॅच्युसेट्समध्ये गॅसचे आणि प्लंबिंगचे काम परवानाधारकानेच करायचे असते, स्वतःच्या घरातही घरमालकाला ते करता येत नाही. त्यामुळे या लेखात दुरुस्तीपेक्षा तपासणी, नोंद आणि तंत्रज्ञाला नेमकी माहिती देणे यांवर भर आहे.

१. सर्वांत आधी सुरक्षितता

तीन प्रसंगी कोणतीही तपासणी करत बसू नये. घरात गॅसचा वास आला, तर दिव्याचे बटणसुद्धा न दाबता सर्वांनी बाहेर पडावे आणि बाहेरूनच गॅस कंपनीच्या तातडीच्या क्रमांकावर किंवा ९११ वर फोन करावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, तरीही हेच करावे. या वायूला वास नसतो, आणि डोके दुखणे व मळमळणे ही त्याची लक्षणे साध्या तापासारखी भासतात. २००५ मध्ये याच राज्यात हीटिंगच्या धुराड्याचे तोंड बर्फाने बुजल्यामुळे एका लहान मुलीचा जीव गेला, आणि पुढच्याच वर्षी घराच्या प्रत्येक राहत्या मजल्यावर हा अलार्म बंधनकारक करणारा कायदा लागू झाला. तुमच्या नव्या बॉयलरचा धूर भिंतीतून जाणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपने बाहेर जात असेल, तर प्रत्येक मोठ्या हिमवर्षावानंतर त्या पाइपच्या तोंडासमोरचा बर्फ काढणे हे वाहनमार्ग मोकळा करण्याच्या आधीचे काम समजावे.

तिसरा प्रसंग वाफेच्या बॉयलरचा आहे. बॉयलर तापलेला असून त्यात पाणी दिसत नसेल, तर त्यात पाणी सोडू नये. माझ्या माहेरी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता आणि आईचा नियम एकच होता: आधी पाणी, मग जाळ. कोरड्या बंबाखाली जाळ लागला की त्याचे डाग दिलेले सांधे सुटत. बिडाच्या बॉयलरमध्ये गोष्ट याहून गंभीर असते, कारण तापलेल्या बिडावर गार पाणी पडले तर ते तडकते आणि पाण्याची एकाएकी वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती मूळ आकारमानाच्या सुमारे १७०० पट जागा व्यापते, हे ध्यानात घेतले म्हणजे धोका किती मोठा आहे ते कळेल. अशा वेळी मुख्य स्विच बंद करावा, बॉयलर काही तास पूर्ण निवू द्यावा आणि तंत्रज्ञाला बोलवावे.

२. हाताशी ठेवायचे कागद आणि साधने

घर घेताना झालेल्या तपासणीचा अहवाल शोधून त्यातले हीटिंगचे पान वेगळे काढा. बॉयलरच्या अंगावरच्या धातूच्या पट्टीचा फोटो घ्या, कारण मॉडेल क्रमांकावरून उत्पादकाची पुस्तिका मिळते. बॉयलरला दोऱ्याने अडकवलेली जुनी कार्डे फेकू नका. मागच्या तंत्रज्ञांनी कोणत्या साली काय बदलले, हे पुष्कळदा फक्त त्यांच्यावरच लिहिलेले असते. तेल किंवा गॅस पुरवणाऱ्या कंपनीशी देखभालीचा करार असेल तर त्याची प्रतही तिथेच ठेवा. याशिवाय एक साधी वही तळघरात टांगून ठेवा. ती पुढे अनेकदा उपयोगी पडेल.

साधने थोडीच लागतात:

- चांगली विजेरी आणि जाड हातमोजे
- एक बादली आणि एक जुना पेला
- गवंडी वापरतात तशी लहान पाणसळ
- रेडिएटरमधली हवा काढण्याची चावी (गरम पाण्याच्या यंत्रणेसाठी)
- मोटारीच्या टायरचा दाब मोजण्याचे साधे गेज
- रेडिएटरच्या पायांखाली सरकवण्यासाठी लाकडाच्या पातळ पाचरी

जुन्या घरासाठी एक इशारा आवश्यक आहे. तळघरातल्या नळांवर पांढरट, प्लास्टरसारखे कवच गुंडाळलेले असेल, तर ते ॲसबेस्टॉस (श्वासातून आत गेल्यास घातक ठरणारे तंतू) असण्याची शक्यता धरून चालावे आणि त्याला धक्का लावू नये. रेडिएटरवरचा जुना रंगही खरवडू नये, कारण घरासाठीच्या शिसेयुक्त रंगावर अमेरिकेत १९७८ मध्येच बंदी आली आणि त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते.

३. तुमची यंत्रणा कोणती ते निश्चित करा

यंत्रणेचा प्रकार न ओळखता केलेली तपासणी वाया जाते, कारण वाफेच्या यंत्रणेत जे बरोबर असते तेच गरम पाण्याच्या यंत्रणेत चूक ठरते. बॉयलरच्या बाजूला उभी काचनळी असून तिच्यात अर्ध्यापर्यंत पाणी दिसत असेल, तर यंत्रणा वाफेची आहे. वर जाऊन पाहिले तर प्रत्येक रेडिएटरला बहुधा एकच नळ जोडलेला आणि दुसऱ्या टोकाला अंगठ्याएवढा चकचकीत एअर व्हेंट लावलेला दिसेल. त्याच एका नळातून वाफ वर जाते आणि तिचे झालेले पाणी खाली परत येते. काही वाफेच्या यंत्रणांना दोन नळ असतात, म्हणून निर्णय काचनळीवरूनच करावा.

काचनळी नसेल, नळाला पंप बसवलेला असेल आणि गेजवर दाब व तापमान असे दोन्ही आकडे असतील, तर यंत्रणा गरम पाण्याची आहे. भिंतीच्या तळाशी लांबलचक पत्र्याच्या पेटीत पातळ पात्यांचा नळ असेल तर तीही गरम पाण्याचीच समजावी.

इंधन ओळखणे सोपे आहे. तळघरात मोठी पोलादी टाकी असेल तर तेल, आणि मीटरपासून येणारा नळ असेल तर गॅस. तीन मजली, तीन बिऱ्हाडांच्या घरात राहत असाल, तर तळघरात बहुधा तीन बॉयलर शेजारी शेजारी असतात. आपला कोणता हे शोधून त्यावर मोठ्या अक्षरांत मजल्याचा क्रमांक लिहावा.

४. उष्णताच येत नाही: तपासणीचा क्रम

पहिली गोष्ट म्हणजे लाल पट्टीचा तातडीचा स्विच. तो बहुधा तळघराच्या जिन्याच्या वरच्या टोकाला असतो आणि दिव्याच्या बटणासारखाच दिसतो. भारतातून आलेली वडीलधारी मंडळी जिन्यातून येताजाता दिवे मालवतात आणि त्यांत हाही बंद होतो. आमच्या ओळखीच्या दोन घरांत ऐन थंडीत रात्रभर हीटिंग बंद राहिले ते यामुळेच. त्या स्विचवर मराठीत चिठ्ठी लावून ठेवावी.

त्यानंतर विजेचा ब्रेकर पाहावा आणि थर्मोस्टॅटची बॅटरी बदलून त्याचा आकडा खोलीच्या तापमानापेक्षा पाच अंश वर न्यावा. तेलाच्या टाकीवरचा काटा तळाला टेकला असेल तर कारण तिथेच सापडले. टाकी पूर्ण रिकामी झाली असेल, तर नवे तेल भरल्यानंतरही नळीतली हवा काढल्याशिवाय बर्नर पेटत नाही, म्हणून तेल मागवतानाच हे काम करणारा माणूसही मागवावा. गॅस असेल तर स्वयंपाकाची शेगडी पेटते का ते पाहावे, म्हणजे पुरवठा चालू आहे की नाही हे समजते.

तेलाच्या बर्नरवर एक लाल रीसेट बटण असते. ते फक्त एकदा दाबावे. बर्नर पेटून पुन्हा बंद पडला, तर दुसऱ्यांदा दाबण्याचा मोह आवरावा. प्रत्येक वेळी बटण दाबले की न जळलेले तेल भट्टीत फवारले जाते, आणि ते साचल्यानंतर जेव्हा ठिणगी पडते तेव्हा सर्व तेल एकदम पेट घेते. नवख्या माणसाकडून होणाऱ्या चुकांत ही सर्वांत धोकादायक आहे.

भाड्याच्या घरात असाल तर यांतले काहीही तुमच्यावर बंधनकारक नाही. हीटिंगच्या मोसमात दिवसा ६८ आणि रात्री ६४ अंश फॅरनहाइट तापमान राखणे ही या राज्यात घरमालकाची जबाबदारी आहे. तापमानाचा फोटो काढून त्यांना लेखी कळवावे.

५. वाफेचा बॉयलर: काचनळी वाचायला शिका

काचनळीतले पाणी साधारण अर्ध्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत असावे आणि बॉयलर चालू असताना ते थोडेसेच हलावे. मी दर रविवारी सकाळी विजेरी घेऊन खाली उतरते आणि आधी एवढेच पाहते. पाणी जोराने वरखाली उसळत असेल, तर त्यात तेलकटपणा किंवा गाळ आहे आणि वाफेबरोबर पाण्याचे थेंब नळांत जात आहेत. काचनळी वरपर्यंत भरलेली असेल, तर पाणी भरण्याचा व्हॉल्व्ह गळत असावा किंवा परतीच्या नळात गाळ अडकून पाणी उशिरा येत असावे.

पाणी कमी झाल्यावर बर्नर आपोआप बंद करणारे एक उपकरण प्रत्येक वाफेच्या बॉयलरला असते. जुन्या घरांत ते तरंगत्या गोळ्याचे असते आणि त्याच्या खाली एक तोटी असते. बॉयलर चालू असताना खाली बादली ठेवून, हातमोजे घालून ही तोटी आठवड्यातून एकदा उघडावी. आधी तांबूस, गाळाचे पाणी येते आणि काही क्षणांत बर्नर बंद पडला पाहिजे. तो बंद पडला नाही, तर गोळा गाळात रुतला आहे आणि तुमच्या बॉयलरला कोरड्या जाळापासून संरक्षण उरलेले नाही. तेव्हा स्विच बंद करून त्याच दिवशी तंत्रज्ञाला बोलवावे. पाणी स्वच्छ येऊ लागले की तोटी बंद करावी आणि काचनळीत पाणी दिसत असल्याची खात्री करून जेवढे गेले तेवढेच हळूहळू भरावे. हे उपकरण गोळ्याऐवजी पाण्यात बुडालेल्या कांडीचे असेल, तर दर आठवड्याची ही कृती लागत नाही. वर्षातून एकदा तंत्रज्ञ कांडी काढून पुसतो.

आता वहीचे काम. पाणी भरले की तारीख आणि अंदाजे प्रमाण लिहावे. वाफेची यंत्रणा तेच पाणी फिरवत असते, त्यामुळे तोटीतून काढलेले वगळता महिनाभरात फारसे भरावे लागू नये. दर दोन-तीन दिवसांनी भरावे लागत असेल, तर पाणी कुठेतरी जात आहे, आणि ताज्या पाण्याबरोबर येणारा प्राणवायू बिडाला आतून गंजवत आहे. गळतीच्या जागा ठरलेल्या असतात: फुसफुसणारे एअर व्हेंट, रेडिएटरच्या व्हॉल्व्हचे सांधे, तळघराच्या फरशीखालून गेलेला परतीचा नळ, आणि सर्वांत वाईट म्हणजे बॉयलरचेच वरचे अंग. या शेवटच्या गळतीत पाणी खाली सांडत नाही. ते वाफ होऊन धुराड्यातून जाते, आणि फार थंडी नसतानाही धुराड्यातून दाट पांढरा धूर निघताना दिसतो.

बॉयलरच्या मागे नळांचा एक न समजणारा वळसा दिसेल. त्याला हार्टफर्ड लूप म्हणतात. कनेटिकटमधल्या हार्टफर्ड शहरातल्या एका बॉयलर विमा कंपनीने १९१९ मध्ये तो पुढे आणला, कारण परतीचा नळ फुटला तरी बॉयलरमधले सगळे पाणी एकदम निघून जाऊ नये. जागा मोकळी करण्यासाठी हा वळसा काढून टाकू असे कोणी सुचवले, तर त्याला नकार द्यावा.

६. दाब वाढवून घर लवकर तापत नाही

आपल्या स्वयंपाकघरातला कुकर शिटीच्या वेळी सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळपास १५ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाबावर असतो. घरातला वाफेचा बॉयलर याच्या एक-दशांश दाबावर चालायला हवा. दाब नियंत्रित करणाऱ्या करड्या पेटीवर साधारणपणे ०.५ पीएसआयला बर्नर चालू आणि १.५ ला बंद अशी मांडणी योग्य असते. १५ हा आकडा वाफेच्या बॉयलरमध्ये सेफ्टी व्हॉल्व्ह उडण्याचा आहे, काम करण्याचा नव्हे.

तरीही अनेक घरांत ही पेटी ५ किंवा ८ वर नेलेली आढळते, कारण एखादी खोली तापत नाही म्हणून कोणीतरी कधीतरी ती वाढवलेली असते. वाढलेल्या दाबाने एअर व्हेंट खराब होतात, इंधन अधिक जळते आणि थंड खोली थंडच राहते. मांडणी बरोबर असूनही गेजचा काटा २ च्या पुढे जात असेल, तर पेटीखालची डुकराच्या शेपटीसारखी वळलेली नळी गाळाने बुजलेली असते आणि पेटीला दाब कळतच नाही. हे नेमके वाक्य तंत्रज्ञाला सांगितले तर त्याचा अर्धा तास आणि तुमचे पैसे वाचतात.

७. थंड रेडिएटर: हवेला वाट हवी

वाफ पोहोचण्याआधी नळात आणि रेडिएटरमध्ये हवाच भरलेली असते. ही हवा बाहेर पडली नाही तर वाफ आत शिरत नाही, मग खाली जाळ कितीही असो. म्हणून थंड रेडिएटरसमोर उभे राहून विचारायचा पहिला प्रश्न, इथली हवा कुठून जाते, हा आहे.

एकच रेडिएटर थंड असेल तर त्याच्या पायथ्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का ते आधी पाहा. मग बॉयलर चालू होताना एअर व्हेंटजवळ कान न्या. हवा जाण्याचा बारीक आवाज यायला हवा आणि वाफ पोहोचताच तो थांबायला हवा. आवाज येतच नसेल तर व्हेंट गंजाने किंवा रंगाने बुजला आहे. रंगकाम करताना त्याचे बारीक भोक रंगवले जाणे ही फार नेहमीची गोष्ट आहे. व्हेंट सतत फुसफुसत असेल आणि पाणी थुंकत असेल तर तो बंद होत नाही. दोन्ही स्थितींत तो बदलून घ्यावा. काम काही मिनिटांचे आहे आणि वस्तू फार महाग नसते. बदलताना बॉयलर बंद आणि रेडिएटर थंड असला पाहिजे, अन्यथा वाफेने हात भाजतो.

बॉयलरपासून दूरचे सगळेच रेडिएटर थंड असतील, तर वर शोधण्यात अर्थ नाही. तळघरात मुख्य नळ जिथे संपतो तिथे, छताजवळ, मुख्य एअर व्हेंट असतो. आमच्या घरात हाच कित्येक वर्षे बंद होता. मुख्य नळातली सगळी हवा मुलांच्या खोलीतल्या त्या लहानशा व्हेंटमधून बाहेर पडावी लागत होती; ती पडेपर्यंत जवळच्या दिवाणखान्यात थर्मोस्टॅट समाधानी होऊन बॉयलर बंद करत असे. मुख्य व्हेंट बदलल्यावर दूरच्या खोलीत वाफ जवळपास दिवाणखान्याइतक्याच वेळात पोहोचू लागली. मी दोन्ही वेळा घड्याळ लावून वहीत लिहिले आहे: आधी ३५ मिनिटे, नंतर १२. तुम्हीही हा वेळ मोजा. बॉयलर थंड असताना थर्मोस्टॅट वाढवावा आणि प्रत्येक रेडिएटरचा नळ कधी तापतो ते लिहावे. या एका पानावरून जाणता तंत्रज्ञ दोष सांगू शकतो.

८. रात्रीचे ठोके

भिंतीत कोणी हातोडा मारत असल्यासारखे ठोके ऐकू आले, तर वाफ आणि साचलेले पाणी कुठेतरी समोरासमोर येत आहेत. वेगाने जाणारी वाफ पाणी ढकलत नेते आणि ते वळणावर आदळते. इथे पाणसळ काढावी. एकनळी रेडिएटर व्हॉल्व्हच्या बाजूला किंचित उतरता असला पाहिजे, म्हणजे पाणी परत नळात जाते. जुन्या लाकडी फरशीत रेडिएटरचे पाय शंभर वर्षांत रुततात आणि उतार उलटा होतो. व्हॉल्व्हपासून दूरच्या पायांखाली पाचर सरकवून बुडबुडा योग्य बाजूला आणला की पुष्कळदा तेवढ्यानेच ठोके थांबतात. रेडिएटर अतिशय जड असतो. दोन माणसांनी पहार वापरून हे करावे आणि नळावर ताण येऊ देऊ नये.

दुसरे कारण अर्धवट उघडा व्हॉल्व्ह. एकनळी यंत्रणेत तो पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंदच असावा. खोली फार तापते म्हणून तो अर्धा फिरवला, तर वाफ आत जाते, पण पाण्याला परत यायला वाट उरत नाही. ठोके तळघरातून येत असतील तर नळाचे टांगलेले आधार सुटून नळ मध्ये लोंबला आहे का ते पाहावे.

९. गरम पाण्याच्या यंत्रणेत काय पाहावे

इथे यंत्रणा काठोकाठ पाण्याने भरलेली असते आणि हवा हा शत्रू असतो. दुमजली घरात थंड असताना दाब साधारण १२ पीएसआय असावा, कारण १ पीएसआय पाण्याला सुमारे २.३ फूट वर चढवतो आणि १२ मध्ये ते सत्तावीस फुटांपर्यंत जाते. दाब ५-६ वर आला असेल तर वरच्या मजल्यावर पाणी पोहोचणारच नाही, आणि वरचे रेडिएटर थंड राहणे हे त्याचे पहिले लक्षण असते.

दाब बरोबर असून रेडिएटर वरून थंड व खालून गरम असेल, तर आत हवा अडकली आहे. पंप बंद करून, खालच्या मजल्यापासून सुरुवात करत, पेला धरून चावीने हवा काढावी; सुरसुर थांबून पाण्याची सलग धार आली की चावी बंद करावी, आणि शेवटी दाब पुन्हा पाहावा. संपूर्ण एक मजला थंड असेल, पण बॉयलर तापलेला असेल, तर त्या मजल्याचा पंप किंवा झोन व्हॉल्व्ह (त्या मजल्याकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) बहुधा अडकलेला असतो.

रिलीफ व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकणे ही या यंत्रणेतली सर्वांत गैरसमजाची तक्रार आहे. तो व्हॉल्व्ह ३० पीएसआयला उघडतो. पाणी तापले की फुगते आणि त्या फुगण्याला जागा देण्यासाठी एक्स्पान्शन टाकी असते. टाकीतला रबरी पडदा फाटला की ती जागा संपते, दाब ३० पर्यंत चढतो आणि व्हॉल्व्ह आपले काम करतो. टाकीच्या टोकाला टायरसारखा वाल असतो. तो किंचित दाबल्यावर हवेऐवजी पाणी आले, तर टाकी बदलायला हवी. हवा आली तर तिचा दाब गेजने मोजता येतो, पण टाकी यंत्रणेपासून वेगळी करून तिच्यातले पाणी काढल्याखेरीज तो आकडा खरा नसतो. ठिबकणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच बसवणे हा थेट स्फोटाला आमंत्रण देणारा प्रकार आहे. तो कोणी सुचवला तर त्या माणसाला पुन्हा घरी बोलावू नये.

१०. थर्मोस्टॅट

नवा स्मार्ट थर्मोस्टॅट लावल्यानंतर त्याच्या मांडणीत हीटिंगचा प्रकार निवडावा लागतो, आणि तो चुकीचा राहिला तर वाफेचा बॉयलर वारंवार चालूबंद होत राहतो. वाफेसाठी तासाला १ आवर्तन ही मांडणी नेहमीची आहे. वाफेच्या घरात रात्री तापमान दहा अंश खाली आणून सकाळी एकदम चढवणेही टाळावे. दोन-तीन अंशांचा फरक पुरे, कारण बीड तापायला वेळ घेते.

११. डिसेंबरमध्ये भारतात जाताना

लग्नसराई आणि शाळेची सुटी यांमुळे आपण तीन-चार आठवडे घर बंद करून जातो, आणि तोच काळ बॉयलरसाठी कसोटीचा असतो. थर्मोस्टॅट ५५ अंशांच्या खाली नेऊ नये. बॉयलर बंद पडला तर बाहेर तापमान गोठणबिंदूच्या बरेच खाली असताना भिंतीतले पाण्याचे नळ गोठून फुटतात. म्हणून जाण्यापूर्वी घरात येणाऱ्या पाण्याचा मुख्य नळ बंद करण्याचा विचार करावा, मात्र बॉयलरला आपोआप पाणी भरणारी जोडणी त्याच नळावर असते, म्हणून हे तंत्रज्ञाशी बोलूनच करावे. शेजाऱ्यांना किंवा मित्राला किल्ली द्यावी आणि एका रविवारी त्यांना सोबत तळघरात नेऊन काचनळी, तोटी आणि लाल स्विच दाखवावे. तापमान उतरल्यावर फोनवर कळवणारे साधे उपकरणही मिळते. तेल असेल तर टाकी भरून जावे.

आपण घरी असताना हीटिंग बंद पडले, तर बाहेरच्या भिंतीजवळचे नळ बारीक धारेने चालू ठेवावेत आणि ओट्याखालच्या कपाटांची दारे उघडी ठेवावीत. विजेचा हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावावा. गॅसच्या ओव्हनने घर तापवू नये.

१२. तंत्रज्ञाला बोलावताना

फोनवर नुसते हीटिंग चालत नाही असे सांगण्याऐवजी यंत्रणा वाफेची की पाण्याची, इंधन कोणते, काचनळीतली पातळी, गेजचा आकडा, कोणते रेडिएटर थंड आणि रीसेट किती वेळा दाबले हे सांगावे. वाफेचे काम जाणणारे तंत्रज्ञ आता कमी आहेत. त्यामुळे तुमच्याकडे वाफेचे किती बॉयलर असतात, असे स्पष्ट विचारण्यात संकोच करू नये.

बॉयलर बदलण्याची वेळ खरोखर आलीच, तर कोणाचे दरपत्रक घ्यायचे याची एक खूण आहे. वाफेचा बॉयलर घराच्या क्षेत्रफळावरून किंवा जुन्या बॉयलरच्या पट्टीवरून निवडायचा नसतो. घरातल्या सर्व रेडिएटरांचे आकार मोजून, त्यांची एकूण उष्णता देण्याची क्षमता काढून निवडायचा असतो. खोल्यांत न जाता तळघरातूनच किंमत सांगणाऱ्याला नम्रपणे निरोप द्यावा. प्रमाणाबाहेर मोठा बॉयलर आयुष्यभर चालूबंद होत राहतो आणि इंधन खातो. दुसरी गोष्ट लेखी घ्यावी: नवे नळ कापताना आणि जोडताना वापरलेले तेल पाण्यावर तरंगते आणि त्यामुळे पाणी उसळत राहते. ते पृष्ठभागावरून हळूहळू काढून टाकण्याचे काम तासन्‌तास चालते आणि बहुधा काही दिवसांनी पुन्हा करावे लागते. ते करारात नमूद असावे, आणि काचनळीतले पाणी स्थिर दिसेपर्यंत शेवटचा हप्ता आपल्याकडे ठेवावा.